जर्मनीच्या बाईंना हवी असलेली चिठ्ठी

डिंडोली, सुरत
रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

आदरणीय साडूभाऊ विठ्ठलराव यांना डिंडोलीच्या भिकन मास्तरचा, पावणेदोन वर्षं राखून ठेवलेला नमस्कार. (नमस्कार थोरल्या साडूला आहे, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला नाही. प्राध्यापक या जमातीविषयी माझं मत होतं तेच आहे.)

प्रकृती कशी आहे? रक्तातली साखर आटोक्यात आहे का? इंदुताईंचे गुडघे यंदाच्या थंडीत कसे राहिले? अंगणातला पेरू धरला का? या सगळ्याची उत्तरं मला माहीत आहेत, कारण आमची प्रमिला आणि तुमच्या इंदुताई या दोघी बहिणींचा पत्रव्यवहार अखंड चालू आहे आणि तो मला ठाऊक नाही अशी दोघींची समजूत आहे. पण पोस्टकार्ड ही वस्तू उघडी असते आणि मी समोर आलेलं वाचणारा माणूस आहे. तरी रीत म्हणून विचारलं. तुम्ही विभागप्रमुख झालात तेही तिथेच वाचलं. अभिनंदन करणार होतो, पण आपण बोलत नव्हतो. अजूनही बोलत नाही. हे पत्र आहे.

आपण का बोलत नाही हे दोघांनाही पाठ आहे, तरी एकदा कागदावर येऊ द्या, म्हणजे पुढच्या मजकुराला पाया राहील. मे पंचाण्णव, आमच्या कुंदनच्या लग्नाची पंगत. तुम्ही खिशातून पाकीट काढून नवरदेवाच्या हातात ठेवलंत. मला वाटलं आहेर. बघतो तर सुरतच्या एका मिल मॅनेजरच्या नावाची चिठ्ठी: ‘मुलगा आमच्या घरचा आहे, सामावून घ्यावे.’ मी ती उभ्या पंगतीत फाडली. चार तुकडे केले. (प्रमिला आठ म्हणते.) वर वीस मिनिटं बोललो. लोकांचा वरणभात निवला याचं वाईट वाटतं, फाडल्याचं नाही. माझा बाप खानदेशातून इथे मागावर आला तेव्हा गावच्या एका माणसानं मालकाला त्याच्यासाठी शब्द टाकला होता. त्या एका शब्दापायी बाप जन्मभर त्या माणसाच्या मागे हिंडला. मत कुणाला द्यायचं ते त्यानं सांगितलं, संपात कधी उतरायचं ते त्यानं सांगितलं, माझ्या आत्याचं लग्न कुठे करायचं तेही त्यानंच सांगितलं. या शहरात हजारो माग आहेत आणि एकाही मागावर माणूस स्वतःच्या हातापायांवर उभा नाही, प्रत्येक जण कुणाच्या तरी ओळखीवर उभा आहे. मी परीक्षा देऊन मराठी शाळेत लागलो. माझ्यासाठी कुणी शब्द टाकला नाही, मी कुणासाठी टाकला नाही. तुम्हांला हे माहीत असूनही तुम्ही ते पाकीट आणलंत. असो. तो विषय मी उकरत नाही.

आता मुद्दा. (मुद्दा असा काही नाही. सहज कळवतो आहे.)

धुळ्याला तुमच्या घरी दोन वर्षं राहून, तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच हाताखाली एमएस्सी झालेली आमची जयश्री जर्मनीला डॉक्टरेट करायला निघाली आहे. अजून पायांनी निघालेली नाही, मनानं निघाली आहे. गेल्या जूनमध्ये इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका परदेशी मासिकाच्या मागच्या पानावर तिला जाहिरात सापडली. सांडपाण्यातले कापडाचे रंग काढून टाकण्यावर संशोधन, जागा एक, मुदत तीन वर्षं, आणि फीऐवजी पगार. मासिक समुद्रमार्गे येत असल्यामुळे सहा महिने जुनं होतं. तिनं तरी पत्र टाकून विचारलं. उत्तर आलं की ती जागा भरली, पण पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेत आणखी एक निघते आहे, अर्ज मागवा. मला पहिला धक्का इथेच बसला. आपल्याकडे जागा भरली असली तर उत्तर येत नाही आणि रिकामी असली तरी येत नाही.

वस्तीत बातमी फुटली आणि अक्कल वाटायला माणसं आली. आमच्या शेजारचे धुडकूदादा, मागांच्या कारखान्यात जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारे मुकादम आहेत, बिघडलेला माग कानानं ओळखतात, पण माग सोडून बाकी जगाविषयी त्यांचं अज्ञान अथांग आहे. ते खाटेवर बसून बराच वेळ विचार करून म्हणाले, “मास्तर, पैसा तोच देस, शिकाडस बी तोच? मंग त्याले काय अडचन शे?” पगार देऊन शिकवणाऱ्यात काहीतरी खोट असलीच पाहिजे, यावर सबंध गल्लीचं एकमत झालं. ज्या लोकांनी पोराला कॉलेजात घालायला गावची जागा विकली, त्यांना फुकट शिक्षणाचा संशय येतो. यात हसण्यासारखं आहे असं तुम्हांला वाटेल. मला हसू आलं नाही.

मग कुंदननं (तो तुमच्या चिठ्ठीशिवाय एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर लागला आहे, कळावं) बहिणीला रिंग रोडवरच्या एका परदेशी शिक्षणवाल्याकडे न्यायचं ठरवलं. मीही गेलो. थंडगार ऑफिस, गळ्यात टाय, भिंतीवर पॅरिसच्या मनोऱ्याचं चित्र आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लंडन. त्या गृहस्थानं जयश्रीचं एकही प्रमाणपत्र न उघडता सांगितलं, “चिंता ना करो मास्तर, बधु थई जशे.” सगळं होऊन जाईल म्हणे. ते सगळं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही तोच इतक्या खात्रीनं बोलू शकतो. त्यानं विचारलं, लग्न झालंय का, तिकडे कुणी मामा आहे का, हिऱ्याच्या धंद्यात ओळख आहे का. संशोधन हा शब्द अर्ध्या तासात त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. शेवटी त्यानं स्वित्झर्लंडमधला हॉटेल मॅनेजमेंटचा रंगीत कागद पुढे सरकवला. जयश्री उठली आणि म्हणाली, “मला पाण्यातले रंग काढायचेत, चादरी घालायच्या नाहीत.” पोरगी चांगली बोलते. (कुणाकडून आलं ते सांगत नाही.)

नोव्हेंबरात अर्ज आला. आठ पानं. आधी गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आणि त्या खऱ्या आहेत असा सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का. तो शिक्का मारणारे गृहस्थ मूळ कागदाकडे बघत नाहीत, झेरॉक्सकडे बघत नाहीत, माणसाकडे तर बघतच नाहीत. शिक्का मात्र इतक्या जोरानं मारतात की जयश्रीचे भौतिक रसायनातले गुण अजून वाचता येत नाहीत. पुढे एक पान कोरं: हे संशोधन तुम्हांला का करायचं आहे ते लिहा. मला हे आवडलं. आपल्या देशात मुलीला शाळेत घालताना, शाळेतून काढताना आणि नवऱ्याघरी पाठवताना ‘तुला का’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी उत्साहानं अकरा पानं लिहून दिली. तिनं ती बाजूला ठेवून स्वतः पाऊण पान लिहिलं. त्यात आपल्या घरामागच्या खाडीचं पाणी सोमवारी निळं, बुधवारी लाल असतं आणि त्यावरून गल्लीतल्या बायकांना डाइंग हाउसमध्ये कुठल्या साड्यांचा माल चालू आहे ते कळतं, एवढंच होतं. शिवाय उसाच्या चिपाडांचा कोळसा करून तो रंग कसा शोषून घेता येतो त्याचे तीन आकडे. बारडोलीच्या चिपाडांची पोती तिनं धुळ्याला कशी नेली ते तुम्ही जाणताच. तुमच्या गच्चीवर ती वाळत होती.

आणि मग सातव्या पानावर ती ओळ आली. तुम्हांला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं द्या. त्यांची पत्रं आमच्याकडे परस्पर यावीत.

विठ्ठलराव, बघा! म्हणजे समुद्रापलीकडेही चिठ्ठीच! ज्यांनी राजे उलथवले, धर्मगुरूंना दारात उभं केलं नाही, ज्यांची पुस्तकं मी रेशनच्या रांगेत उभं राहून वाचली आणि ज्यांच्या जोरावर गावच्या पाटलाला उलट उत्तर दिलं, ते सगळे मिळून शेवटी आमच्या पोरीला काय विचारतात, तर तू कुणाच्या ओळखीची? मी त्या दिवशी जेवलो नाही. (संध्याकाळी थोडं घेतलं.) धुडकूदादांना मात्र आनंद झाला. जर्मनी ही जागा एकदम त्यांच्या आवाक्यात आली. “मी तुम्हले काय सांगत व्हतू? चिठ्ठी बिगर कोनी बॉबिन बी हातमा देत नही,” असं म्हणून ते कामाला लागले आणि चार दिवसांत चार चिठ्ठ्या घेऊन आले. एक नगरसेवकाची, हात जोडलेल्या रंगीत फोटोसकट. एक कामरेजच्या ट्रकमालकाची, जयश्रीनं त्यांच्या गाडीतून चिपाडं नेली एवढाच ज्यांचा परिचय. एक गणेश मंडळाच्या अध्यक्षाची. आणि एक बारडोलीकडच्या साखर कारखान्याच्या कुण्या माजी संचालकाची, जिच्यात ‘सदर मुलगा होतकरू असून त्याचे वडील आमच्या विचारांचे आहेत’ असं छापलेलं होतं आणि मुलाच्या नावाची जागा मोकळी होती. सदर मुलाचा बाप कुणाच्याही विचारांचा नाही, हे मी धुडकूदादांना अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, “ते आपलंला माहीत शे. जर्मनीवालाले काय माहीत?”

जयश्रीनं चारही चिठ्ठ्या धुडकूदादांसमोर नम्रपणे घेतल्या आणि नंतर त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर कोळशाची गणितं केली. अर्जात तिनं एक नाव दिलं ते मयुरीबेनचं, ती नोकरी करते त्या डाइंग हाउसच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्ट, सरळ बाई. दुसरं नाव लिहायला तिनं पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ज्या माणसाची चिठ्ठी मी पंगतीत फाडली त्याचं नाव माझ्या घरातून जाणार नाही. तिनं पेन उचललं. दुसरी ओळ कोरी गेली. डिसेंबरात अर्ज रवाना झाला.

इथवर मी बरोबर होतो. यानंतरचंही मी बरोबरच केलं असं मला तेव्हा वाटत होतं. कोरी ओळ पाहून त्या लोकांचा गैरसमज होऊ नये, एवढ्याच हेतूनं मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना स्वतः चार पानांचं पत्र लिहिलं. (माझं इंग्रजी वाचून आलेलं आहे, त्यामुळे ते शंभर वर्षं जुनं आणि भारदस्त आहे.) त्यात चिठ्ठी ही गुलामगिरी कशी आहे, तुमच्याच थोर पूर्वजांना तिची शरम कशी वाटली असती, माझी मुलगी कुणाच्या ओळखीची नाही हीच तिची पात्रता कशी आहे, हे सगळं मुद्देसूद मांडलं आणि रजिस्टरनं पोचपावतीसह पाठवलं. घरात सांगितलं नाही. चांगली कामं सांगून करू नयेत.

पोचपावतीचं कार्ड जानेवारीत परत आलं आणि ते नेमकं जयश्रीच्या हातात पडलं.

“बाबा, तुम्ही तिकडे काय पाठवलंत?”

“विचार.”

“कोणाचे?”

“माझे.”

“आणि अर्ज कोणाचा होता?”

मी पेपर उघडला. तिनं तो खाली केला. म्हणाली, “डिंडोलीत मी मास्तरांची मुलगी, धुळ्यात सरांची भाची, कारखान्यात कुंदनभाईनी बेन. एकदा फक्त माझ्या कामावरून कोणीतरी मला ओळखावं म्हणून इतकं लांबचं गाव शोधलं. तिथेही तुम्ही माझ्या आधी पोचलात.”

त्यानंतर ती नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. भावाशी गुजरातीत बोलायची. मला गुजराती येतं हे तिला माहीत आहे, म्हणजे ते मला ऐकवण्यासाठीच होतं. प्रमिला जेवणाचं ताट ठेवताना भिंतीला सांगायची, “चिठ्ठी तं चिठ्ठी, यासनी आख्खा चोपडा धाडी दिधा!” नगरसेवकानं निदान अर्धं पान लिहिलं होतं, असंही एकदा म्हणाली. माझी तुलना नगरसेवकाशी! तीस वर्षांच्या संसारात मला इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. आणि दुःखाची गोष्ट अशी की उत्तर शोधायला मी माझी सगळी पुस्तकं उघडली, तर उत्तर सापडलं नाही. पोरीच्या मागे उभं राहून मोठ्यानं बोलणारा माणूस कुठल्याही बाजूनं बोलला तरी चिठ्ठीच असतो, असं काहीतरी त्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं. मी ते फार वेळ राहू दिलं नाही.

परवा शुक्रवारी जर्मनीचं उत्तर आलं. पाकीट जयश्रीच्या नावाचं, पण आत माझ्यासाठी वेगळं पान. पहिलीच ओळ: मी ‘सर’ नाही, बाई आहे. प्रोफेसर व्हिंकलमान त्यांचं नाव. पुढे त्यांनी लिहिलंय की तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ओळखीनं जागा मिळवणारे आमच्याकडेही आहेत आणि त्यांचा मलाही राग आहे. पण तुमची मुलगी कोणाची आहे हे मी विचारलेलंच नाही. प्रयोग फसला तेव्हा तिच्या शेजारी जो उभा होता, त्याचं पत्र मला हवं आहे. ती काय चांगलं करते ते तिच्या अर्जातून दिसतं. काय वाईट करते तेही त्यानं लिहावं. तीन वर्षं मला तिच्यासोबत काम करायचं आहे. जागेसाठी आता दोघंच उरले आहेत, एक ती आणि एक तिथलाच मुलगा. दुसरं पत्र अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत सीलबंद पोचलं नाही तर मला त्या मुलाला घ्यावं लागेल, आणि मला वाईट वाटेल.

मला हे पान अजिबात पटलं नाही. मी जयश्रीला म्हणालो, एवढंच असेल तर मी लिहितो, तू जन्मल्यापासून मी शेजारी उभा आहे. ती म्हणाली, “तुम्ही माझ्या प्रयोगशाळेत एकदाच आलात बाबा, आणि तिथल्या शिपायाला त्याचे हक्क समजावून परत गेलात.” मग कोण उभं होतं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिनं सांगितलं. चिपाडांचा कोळसा चौदा वेळा फसला. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असताना तुम्ही किल्ली मागून आणायचात आणि स्टुलावर बसून राहायचात, डब्यात इंदुताईंच्या करंज्या. पंधराव्या वेळी आकडा जवळजवळ आला, थोडा कमी पडत होता, तिनं तो वहीत पुरा करून लिहिला. तुम्ही बाटली उचलून सगळं पाणी मोरीत ओतलंत, वहीचं पान तिच्याकडूनच फाडून घेतलंत आणि म्हणालात, “आता पहिल्यापासून.” ती रडली. तुम्ही तिला रडू दिलंत आणि कोळसा चाळायला घेतलात.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्यामुळेही काही फाडलं गेलं आहे हे मला माहीत असायला हवं होतं.

मी तिला म्हटलं, मग तूच परस्पर लिही मावसांना. ती म्हणाली, “तुम्हांला बाजूला ठेवून त्यांच्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे तो खरंच वशिला होईल. मी नाही मागणार.” पोरीनं माझीच तत्त्वं माझ्या दारात आणून बसवली आहेत आणि ती उठायला तयार नाहीत. एकंदरीत युरोपचं शिक्षण म्हणजे माणसाचा छळ आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यांना काय हवं ते त्यांना नेमकं माहीत असतं, आणि याच्याइतका तापदायक गुण दुसरा नाही.

असो. कळवण्यासारखं होतं ते कळवलं. या पत्रामागे काही अपेक्षा आहे असा समज करून घेऊ नये. इंदुताईंना नमस्कार, तुम्हांला तर वर केलाच आहे. पथ्य सांभाळा, मी रागावलेला आहे तसाच आहे.

तुमचा धाकटा साडू,
भिकन

ता. क. सोबत एक निळसर फॉर्म आणि एक विमानाचं पाकीट जोडलं आहे. पाकिटावर तिकिटं लावली आहेत, पत्ता जयश्रीच्या अक्षरात आहे. अपेक्षा नाही असं वर लिहिलं आहे ते माझ्यापुरतं. तिच्यापुरती आहे.

दुसरा ता. क. पंगतीत फाडलेली चिठ्ठी मी आजही फाडीन. तिच्यात मुलगा कोणाचा आहे तेवढंच होतं, त्याला काय येतं याचं एक अक्षर नव्हतं. मात्र ती दहा माणसांसमोर फाडली आणि तुमच्या ताटाजवळ तुकडे टाकले, ते चुकलं. हे वाक्य इंदुताईंना मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही.

तिसरा ता. क. फॉर्मवर ‘अर्जदाराशी नातं असल्यास’ असा एक रकाना आहे. तिथे ‘मावशीचे यजमान’ असं स्वच्छ लिहा. लपवलंत तर मी स्वतः बाईंना कळवीन (त्यांना माझं अक्षर आता ओळखीचं आहे). उणिवांच्या रकान्यात आखडतं घेऊ नका. घाई करते, काच फोडते, वाद घालते, आणि एकदा आकडा वाढवून लिहिला होता तेही लिहा. हट्टी आहे हेही लिहा. तो हट्ट कुठून आला ते लिहायची गरज नाही, त्यांच्याकडे चार पानं आहेत.

चौथा ता. क. मजकूर डिंडोलीत लिहिला, हे ता. क. सोमवारी गाडीत लिहितो आहे. नवापूरपासून अक्षर हललं आहे ते रुळांमुळे. टपालाचा भरवसा धरला असता तर दिवस पुरले नसते. नरडाण्याला उतरून एसटीनं धुळ्याला येतो आहे. प्रमिलानं निघताना शपथ घातली, “तठे जाईसन भासन करू नका, कागद द्या आनि चूप बसा.” म्हणून हे पाकीट इंदुताईंच्या हातात देऊन, एक शब्दही न बोलता, मी तुमच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसणार आहे. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा मी तिथे आहे. खिडकीतून बघू नका, मला अवघडल्यासारखं होईल. आणि लिहायला बसला असाल तर मला आत बोलवायला उठू नका. आधी तिची चिठ्ठी पुरी करा. मी थांबतो.